मागणं पुढच्या खेपेला

आमच्याकडे माणसाला शाल पांघरल्याशिवाय काही मागता येत नाही. मागायचं असो, आभार मानायचे असोत, नाहीतर बदली झालेल्या साहेबाला एकदाचं वाटेला लावायचं असो, शाल लागतेच. तिच्यामागोमाग हार येतो, फळांची परडी येते, आणि समोरचा जरा वजनदार असेल तर डोक्यावर म्हैसुरी पेटा चढतो. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मलाही एक शाल मिळाली. तिच्यात ऊब नाही, ती धुतली की रंग सोडते आणि तिच्या जरीनं मान खाजते. मोलकरणीला देऊ केली तर ती म्हणाली, माझ्याकडे असल्या दोन आहेत.

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते. घरात सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. पण गेल्या वर्षी अळणावरकडच्या एका गावात जे घडलं, त्यावर न चिडणारा माणूस मला दाखवा, मी त्याला माझी शाल देईन.

मी धारवाडची. आमच्या घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण जुंपलं की दोन्ही. नोकरीची पहिली बरीच वर्षं त्या गावातल्या मराठी शाळेत गेली. कन्नडमध्ये बाईंना ‘अक्कोरू’ म्हणतात, म्हणून गावातल्या मराठी पोरांनीही मला अक्कोरूच केलं. मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायची. इंग्रज गेले, राज्य आपलं झालं, साहेब म्हणजे आपल्या पैशांवर ठेवलेला आपला नोकर, त्याला विचारायचा आपल्याला हक्क आहे, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. परीक्षेत पोरं अगदी बरोबर लिहायची. मीही हात आखडता न घेता गुण दिले.

त्यातली एक पोरगी गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या दारात येऊन उभी राहिली. पोरगी म्हणते खरी, पण आता तिचे केस माझ्यासारखेच पिकायला लागलेत. बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ती पॅकिंगचं काम करते. नवरा सेंट्रिंगच्या कामावरून पडला तेव्हापासून कंबरेनं अधू आहे. घर तिच्या हातांवर चालतं.

“अक्कोरू, वस्तीची गाडी बंद केल्यात की,” ती म्हणाली आणि खुर्ची दाखवली तरी खाली बसली.

वस्तीची गाडी म्हणजे रात्रीच्या शेवटच्या फेरीला गावात येऊन मुक्काम करणारी सरकारी बस. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपतात, कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी जाते, आणि तांबडं फुटायच्या आत गाडी धारवाडकडे निघते. दूधवाले, कॉलेजची मुलं आणि बेलूरला पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायका, सगळ्यांचा दिवस त्या गाडीवर उभा असतो. ती बंद झाल्यावर पहिली बस उरली ती ऊन चढल्यावरची. मग या बायका टमटमनं अळणावरला, तिथून मिळेल त्या वाहनानं धारवाडला आणि तिथून बेलूरला जायच्या. पोचेपर्यंत कारखान्याचं फाटक बंद झालेलं असायचं.

“कंत्राटदार म्हणालाय, आता आणि उशीर झाला तर येऊच नको. दुसरी बाई बघतो म्हणतोय.”

आता आमच्याकडे बायकांना सरकारी बसचं तिकीट माफ आहे. म्हणजे प्रवास फुकट झाला आणि गाडीच नाहीशी झाली. असलं सुख आपल्याच देशात मिळायचं.

मी म्हटलं, “यात रडण्यासारखं काय आहे? हुबळीला बसवाल्यांचे मोठे साहेब बसतात. चला, जाऊ आणि सांगू, गाडी बंद पडलीय, सुरू करा. बोलायला तुला येतंच. कन्नड तर माझ्यापेक्षा चांगलं येतं.”

तिनं पदराशी चाळा केला. “अध्यक्षांना विचारून सांगते की.”

हे अध्यक्ष म्हणजे गावच्या पंचायतीचे. भला माणूस. कुणाच्याही मयताला पहिला हजर, लग्नात शेवटच्या पंगतीला वाढायला उभा. मी शिकवायला होते तेव्हा तो माझ्याच वर्गात होता, म्हणजे दोष कुणाला द्यायचा हाही प्रश्नच आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि ठरवलं की साहेबांचा सत्कार करायचा.

मला पोरीचा फोन आला. “अध्यक्ष म्हणतायत, शाल तुम्हीच निवडून द्या. हुबळीच्या दाजीबानपेठेत तुमची वळख हाय.”

“सत्कार? कशाबद्दल? त्यानं गाडी बंद केली म्हणून?”

“रिकाम्या हातानं सायबाकडं कसं जायाचं, अक्कोरू? काय म्हणतील त्यांनी?”

मी फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारी आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, पेपर वाचत होते. ते म्हणाले, “जा, निवड. नाहीतर दुकानदार त्यांच्या गळ्यात भलतंच काहीतरी मारेल.” आणि तेच खरं होतं म्हणून मी आणखी चिडले.

दाजीबानपेठेत मी नेहमीच्या दुकानात गेले. पोरगी सुट्टीचा दिवस मोडून तिथेच येऊन थांबली होती. दुकानदारानं विचारलं, “सत्काराची दाखवू की पांघरायची?” मला क्षणभर कळेना. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जणू मीच परगावची. सत्काराच्या शालींचा कप्पा वेगळा असतो. त्या पांघरण्यासाठी नसतात, त्या फोटोत दिसण्यासाठी असतात. वर त्यानं विचारलं, “साहेब कुठल्या दर्जाचे? तालुक्याचे का जिल्ह्याचे?” जिल्ह्याच्या साहेबाला जरीचा काठ रुंद लागतो म्हणे. पोरगी म्हणाली, “जिल्ह्याचे.” आणि अशा श्रद्धेनं काठावरून हात फिरवला की मला त्या दुकानातच ओरडावंसं वाटलं.

घरी येताना हुबळी-धारवाडमधल्या काचेच्या थंडगार बसमध्ये बसले. एक गेली की दुसरी हजर. आतली हवा इतकी गार की खरोखरीच शाल हवी. खिडकीतून बघत मला माझ्या वडिलांची आठवण झाली.

वडील धारवाडच्या कचेरीत कारकून होते. लागले ते इंग्रजांच्या अमदानीत, निवृत्त झाले ते आपल्या. त्यांच्या तरुणपणी नाताळाला साहेबाच्या बंगल्यावर डाली जायची. डाली म्हणजे फळांची, सुक्या मेव्याची सजवलेली परडी. सगळ्या कारकुनांनी वर्गणी काढायची आणि सगळ्यांत धाकट्यानं ती डोक्यावरून न्यायची. धाकटे वडील होते. बंगल्याच्या पायरीशी चपला काढून ते उभे राहायचे. बटलर परडी आत न्यायचा, साहेबानं म्हणे एखाद्या संत्र्याला बोट लावलं की ती स्वीकारली असं समजायचं. वडिलांनी साहेबाला कधी जवळून पाहिलंच नाही, त्याच्या कुत्र्याला मात्र पाहिलं होतं.

मग स्वातंत्र्य आलं. कचेरीवर झेंडा लागला, पेढे वाटले गेले, वडील त्या दिवशी घरी येऊन रडले, असं आजी सांगायची. पुढे आपला साहेब आला, आपल्यातला, कपाळाला गंध लावणारा. हिवाळा जवळ आला तसा कचेरीत वाद सुरू झाला. आता डाली द्यायची की नाही? दिवसेंदिवस खल झाला. शेवटी एका ज्येष्ठ कारकुनानं तोड काढली की नवे साहेब हिंदू आहेत, त्यांना नाताळाची डाली देणं बरं दिसणार नाही. म्हणून डाली दिवाळीला द्यायची.

वडील हे हसत हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. मी लहान होते तेव्हा मला ती गंमत वाटायची. आता नाही वाटत. एवढ्या मोठ्या उलथापालथीतून त्या कचेरीनं काय घेतलं, तर परडीची तिथी बदलली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसं.

मी काही अडाणी नाही. बदललेलं मला दिसतं. माझ्या आजीला सही येत नव्हती. ही पोरगी कारखान्यात खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून माल लावते. कचेरीच्या पाट्या कन्नडमध्ये आहेत, साहेब शेतकऱ्याच्या पोटचा असतो, त्याच्या खोलीबाहेर पंखा ओढणारा माणूस नसतो. हे सगळं थोडं नाही. पण म्हणूनच तर राग येतो. काहीच बदललं नसतं तर मी गप्प बसले असते.

सत्काराच्या दिवशी हुबळीच्या कचेरीत गावातली डझनभर माणसं आली. अध्यक्ष इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. एकाच्या हातात परडी, एकाच्या हातात हार, एकाच्या हातात पेट्याचं खोकं. पोरीच्या हातात नारळ. बोलायचं तिनं होतं, कारण गाडी तिची गेली होती, पण ती सगळ्यांच्या मागे. साहेबांच्या दाराशी सगळ्यांनी चपला काढल्या. तिथे ‘चपला काढा’ अशी पाटी नव्हती. शिपाईसुद्धा बुटात होता. मी माझ्या चपला काढल्या नाहीत आणि अध्यक्ष माझ्या पायांकडे असे बघत राहिले की जणू मी गाभाऱ्यात शिरले होते.

साहेब तरुण होते, उठून उभे राहिले, “बर्री, कूड्री” म्हणत बसायला सांगितलं. कुणी बसलं नाही. मी बसले. आणि मग त्या माणसानं जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं हसून, साध्या कन्नडमध्ये विचारलं, काय काम होतं?

सरळ विचारलं. दार उघडं होतं, प्रश्न समोर होता, उत्तर नारळ धरून मागे उभं होतं.

अध्यक्ष हात जोडून म्हणाले, “एनू इल्ल्री साहेबर्री, सुम्न बंदिव्री.” काही नाही साहेब, सहज आलो होतो.

मी उठलेच. “सहज कसं? अहो, ती गाडी...” एवढं माझ्या तोंडून निघालं, तोवर अध्यक्षांनी शाल उघडली होती आणि साहेबांच्या खांद्यांवर टाकली होती. हार पडला, पेटा चढला, फोटोसाठी सगळे सरकले. माझा आवाज त्या गडबडीत विरला. पुन्हा तोंड उघडणार तर मागून पोरीनंच माझा पदर ओढला. “अक्कोरू, गप्प बसा. पाया पडते. अध्यक्ष म्हणालेत, पयल्या भेटीला मागायचं नसतंय. मागणं पुढच्या खेपेला. आज बोललासा तर सगळं बिघडतंय.”

नोकरी तिची जायची होती, माझी नव्हती. मी गप्प बसले. चहा आला. साहेबांनी अळणावरकडच्या पावसाची चौकशी केली. अध्यक्षांनी पाऊस बरा झाला म्हणून सांगितलं. पेट्याखाली साहेबांच्या कपाळावर घाम जमला होता आणि ते तो पुसायला संकोचत होते. दोन्हीकडची माणसं अवघडलेली, आणि सोडवायचं कुणी हे कुणालाच कळेना.

बाहेर आल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अध्यक्ष मात्र खुशीत होते. “बघा अक्कोरू, सायेब आपल्यावर खूश झालेत. आता काम झालंच समजा.”

“कुठलं काम? तू काम सांगितलंस कुठे?”

“सायेबांना सगळं कळतंय की, अक्कोरू. त्यांनी साहेब हाईत.”

पालथ्या घड्यावर पाणी.

पुढची खेप काही ठरेना. आधी अध्यक्षांच्या पुतणीचं लग्न निघालं. मग साहेब रजेवर गेले. मग म्हणे अमावास्या. मी फोन केला की पोरगी म्हणायची, “होतंय की, अक्कोरू.” दरम्यान सत्काराचा फोटो इथल्या एका छोट्या पेपरात आला. कुणी दिला कुणास ठाऊक. खाली लिहिलं होतं, उत्तम बससेवेबद्दल ग्रामस्थांकडून अधिकाऱ्यांचा सत्कार. एरवी टोमणा मारणारे यजमान पेपर माझ्यापुढे ठेवून आत निघून गेले. त्यावरून ओळखा.

मग एका सकाळी पोरीनंच फोन केला. टमटम रस्त्यात बंद पडली होती, बेलूरला पोचायला पुन्हा उशीर झाला होता, आणि फाटकावरून तिला परत लावलं होतं. उद्या यायचं की नाही ते कळवू, असं कंत्राटदारानं सांगितलं. ती रडत नव्हती. तेच मला सहन होईना. मी म्हटलं, “आहेस तिथेच थांब. मी येते. आपण दोघीच जाऊ. शाल नाही, हार नाही, अध्यक्ष नाहीत.”

“अध्यक्षांना विचारून...”

“नाही!” मी इतक्या जोरात ओरडले की यजमान आतून बाहेर आले.

हुबळीच्या कचेरीत दुपारी फारसं कुणी नव्हतं. तिनं दाराशी चपला काढल्याच. मी म्हटलं, घाल. तिनं माझ्याकडे इतक्या काकुळतीनं पाहिलं की मी नाद सोडला. ती अनवाणीच आत गेली. साहेबांनी मला ओळखलं. तोच प्रश्न, त्याच आवाजात. काय काम होतं?

मी तिच्याकडे पाहिलं. ती उभी होती, एका पायावर दुसऱ्या पायाचा अंगठा दाबत, अगदी वर्गात उत्तर येत नसताना उभी राहायची तशी. मी ठरवलं होतं की मी बोलणार नाही. ते ठरवणं सोपं नव्हतं, माझी जीभ तोंडात मावत नव्हती. साहेब थांबले. मग ती बोलायला लागली. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्यानं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. वस्तीची गाडी, टमटम, फाटक, कंत्राटदार, नवऱ्याची कंबर, गाडीतून जाणाऱ्या बाकीच्या बायका. कन्नडमध्ये, नीट, एकापुढे एक. मी तिला शिकवलेल्यापैकी कुणीही यापेक्षा चांगलं उत्तर दिलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ही गाडी बंद आहे हे मला माहीतच नव्हतं. ड्रायव्हर कमी पडले म्हणून आगारानं काही फेऱ्या थोड्या दिवसांसाठी काढल्या होत्या, ही त्यातच राहून गेली असणार. “पण तुम्ही तर आला होता, माझा सत्कार केलात. मला वाटलं, तुमचं सगळं ठीक आहे.”

त्यांनी तिथेच फोन लावला. दोन-चार वाक्यं बोलले. येत्या सोमवारपासून गाडी वस्तीला येईल, असं सांगितलं. एवढंच. यासाठी आम्ही दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वाट बघितली होती. एवढ्या दिवसांत कुणीही, कुठल्याही दिवशी, त्या खोलीत शिरून एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं.

मला त्या साहेबांवर रागावायचं होतं. येतानाच मी भांडण तयार करून आणलं होतं. पण कुणाशी भांडू? मी उठता उठता म्हटलं, “तुम्ही त्या लोकांना चपला घालून आत यायला का सांगत नाही?”

ते खिन्नपणे हसले. “सांगतो, मॅडम. ऐकत नाहीत. माझी आई एकदा हे ऑफिस बघायला आली होती. तिनंही चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, आई, मी तुझा मुलगा आहे. ती म्हणाली, घरी मुलगा. इथे साहेब.”

आणलेलं भांडण मी तसंच परत घेऊन निघाले. माझं असं फार क्वचित होतं.

बाहेर आल्यावर पोरीचा चेहरा फुलला होता. चपला घालताना ती म्हणाली, “एवढंच व्हतं की, अक्कोरू!” मग मोबाइल बघितला. कंत्राटदाराचा निरोप येऊन पडला होता. दुसरी बाई लावलीय, हिशेब घेऊन जा.

तिनं तो दोनदा वाचला. मी तिच्या हातातून मोबाइल घेऊन कंत्राटदाराला फोन लावला, त्याच्याशी मी माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट कन्नड बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, मी सरकार नाही, माझ्याकडे अर्ज-विनंत्या चालत नाहीत. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते असं. आम्ही दोघी बसस्टँडवर येऊन बसलो. मी रडले, ती नाही रडली. उलट मलाच पाणी आणून दिलं.

सोमवारी गाडी आली. अध्यक्षांनी मला बोलावलं होतं. नको नको म्हणत मी गेले, कारण मुक्काम पोरीच्या घरी होता आणि तिला एकटं सोडावंसं वाटेना. पहाटे गाडीला झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली, पुढे नारळ फुटला. अध्यक्षांनी लहानसं भाषण केलं. साहेबांच्या कृपेनं गाडी आली म्हणाले. साहेबांचा पुन्हा सत्कार करायला पुढच्या आठवड्यात जाऊ, असंही ठरलं. मी तोंड उघडणार होते. पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं.

बायका चढू लागल्या. डबे, पिशव्या, हसणं. एकीनं खिडकीतून हाक मारली, ये की गं. मग तिलाच आठवलं आणि तिनं मान आत घेतली.

मी म्हटलं, “चढ. धारवाडला तरी चल माझ्याबरोबर. दुसरं काहीतरी काम बघू.”

पोरगी गाडीच्या दाराशी उभी होती. तिनं दांड्याला हात लावला आणि काढून घेतला.

“कामाचं कुणाला विचारायचं मग, अक्कोरू?” ती म्हणाली. “तिथं कुठला साहेब हाय?”

कंडक्टरनं शिट्टी मारली. गाडी हलली तेव्हा मी पायरीवर होते, आणि ती खाली उभी राहून माझ्या उत्तराची वाट बघत होती.